सात पायऱ्या पाण्यात

आमचा धंदा पाणी काढायचा. विहीर, टाकी, सोसायटीचं पार्किंग, लिफ्टचा खड्डा, जिथे नको तिथे साचलेलं पाणी. पंप भाड्याने देतो, पण सोबत आम्हीच जातो. पंप एकटा पाठवला की जळूनच परत येतो, हा अनुभव. उन्हाळाभर कोणी विचारत नाही आणि गंगेला, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गोदावरीला, पूर आला की फोन ठेवायला उसंत नाही.

4 ऑगस्ट 2019 हा रविवार होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, वरून पाऊस. आमच्याकडे पूर नदीकाठच्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या अंगावर मोजतात. दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या दिवशी जो तो फोनवर एवढंच विचारत होता. आणि गंगा भरली की सराफ बाजाराची वेगळी पंचाईत. गावातला सरस्वती नाला जमिनीखालून येऊन गंगेला मिळतो. गंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे जायचं कुठे? ते मागे फिरतं आणि गटारांतून वर येतं.

सोमवारी सकाळी पुण्याहून फोन. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आमचा वाडा आहे, आई एकटी असते, तळघर भरलंय, आज संध्याकाळपर्यंत रिकामं करून द्या, पैशाची काळजी करू नका. पैशाची काळजी करू नका म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. तरी गेलो.

बोळात घोट्याएवढा राड. सोबत पप्या, हातगाडीवर पेट्रोलवर चालणारा दोन इंची पंप. विजेवरचा पंप मुद्दाम नेला नाही. पुराच्या घरात पहिलं काम मेन स्विच, दुसरं काम पुन्हा एकदा मेन स्विच. मीटर देवडीत होता, बराच वर होता, तरी कटआउट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात टाकले आणि मगच जिन्यापाशी गेलो. पप्या पंप देवडीतच ठेवायला निघाला होता, कारण बाहेर भुरभुर होती. त्याला ओरडून चौकात ठेवायला लावला. बंद जागेत पेट्रोल इंजिनाचा धूर माणसाला झोपवतो, आणि झोपलेला उठत नाही.

तळघराला अकरा पायऱ्या. वरच्या चार दिसत होत्या, सात पाण्यात. पायरी नऊ इंचांची, म्हणजे सव्वापाच फूट पाणी. खोली अठरा बाय चौदाची. हिशेब केला तर सदतीस हजार लिटरच्या आसपास, पावणेचार टँकर. माझा पंप मिनिटाला पाचशे लिटर ओढतो. सव्वा तासाचं काम. गंगापूर रोडच्या दोन सोसायट्या माझी वाट बघत होत्या, तिथे पार्किंगमध्ये गाड्या बुडलेल्या. मनात म्हटलं, बारापर्यंत इथून मोकळं.

तळघराची भुई मातीची होती. शेवटचं वीतभर पाणी पंपाला सापडत नाही, म्हणून कोपऱ्यात खड्डा घ्यावा लागतो, पाणी तिथे जमतं. पाणी उतरलं की लगेच खणता यावं म्हणून पप्याने पहार आणि घमेलं आधीच काढून ठेवलं. ते काकूंनी पाहिलं. पंचाहत्तरीच्या असतील, नऊवारी, हातात जपमाळ.

"अरे, आज पंचमी आहे. आज भुई खणायची नाही."

मी म्हटलं, "काकू, तळघर भरलंय तुमचं."

"भरू दे. आज तवा नाही, विळी नाही आणि पहार तर मुळीच नाही. उद्या काय खणायचं ते खण."

नागपंचमी माझ्याही घरी होती. पण घरचं वेगळं, कामावरचं वेगळं. पुण्याला फोन लावला, तर मुलगा म्हणाला, आईशी वाद घालू नका, पण संध्याकाळपर्यंत कराच. अशी गिऱ्हाइकं फार.

तेवढ्यात जिन्यावर आणखी एकजण येऊन उभा राहिला. तळघरात त्याची पेढी होती. पेढी म्हणजे काय, दोन पाट, एक भट्टी आणि हत्यारं. बंगाली कारागीर, बारा-तेरा वर्षं तिथेच बसून दागिने घडवणारा. माल आणि हत्यारं त्याने शनिवारीच वर आणली होती. तरी तो घाबराघुबरा. "दादा, कीचड फेकना मत."

मला आधी कळेना, पुराच्या चिखलाचं याला काय प्रेम. मग काकूंनीच सांगितलं. कानस मारताना सोन्याचा कीस उडतो, तो भुईत जातो. सराफ बाजारातला केरसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी तो विकत घेतात, गटारातला गाळ उपसतात, परातीत धुऊन त्यातलं सोनं काढतात. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, ढवळलं तरी तळाला बसतं. बारा-तेरा वर्षांचा कीस त्या मातीच्या भुईत होता आणि आता तिच्यावर पुराचा गाळ बसलेला. माझ्या पंपाने तो गाळ ओढला असता तर सगळं बोळाच्या गटारात. मग मी पाइपाच्या तोंडाची जाळी एका भोकं पाडलेल्या बादलीत बसवली आणि बादली दोरीने तळापासून हातभर वर टांगली. कळशीभर पाणी ओतून पंप भरला, दोरी ओढली, सुरू.

पाणी वीस इंच उतरलं आणि मी पंप बंद केला. खरं सांगतो, दूरदृष्टी वगैरे काही नाही. खणायचंच नाही तर काम आज पुरं होणार नव्हतं. म्हटलं, तासभर सोसायटीत जाऊन येऊ. जाताना सवयीने पाण्याच्या कडेला भिंतीच्या सांध्यात एक आगकाडी खोचली.

परत आलो तर काडी पाण्याखाली. पाणी चार बोटं चढलेलं.

बाहेर पाऊस थांबला होता, गटार उतरलं होतं, जिन्यावरून थेंब येत नव्हता. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. बॅटरी मारून पाहिलं. काळ्या दगडाची भिंत, सांध्यांत चुना कमी आणि मातीचा गारा जास्त, आणि पाण्याच्या वर सगळ्या सांध्यांतून बारीक धारा लागलेल्या. भिंतीमागची सगळी जमीन पाणी पिऊन बसली होती.

तिथे मला 2008 आठवलं. सप्टेंबरातला तो पूर. मी मामांच्या हाताखाली होतो. असंच एक तळघर, असाच घाईचा मालक. आम्ही एका दमात उपसलं, चहा प्यायलो, आणि चहा पिताना आतून आवाज आला. भिंतीला पोट आलं होतं. संध्याकाळी तिचा एक तुकडा आत बसला. आत कोणी नव्हतं म्हणून आज मी हे सांगतोय. मामांनी तेव्हा सांगितलं होतं की आतलं पाणी भिंतीला धरून असतं. बाहेरून रेटा, आतून टेका. पुढे मी हिशेबही शिकलो. पाच फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीला साडेतीनशे किलोच्या आसपास रेटतं, वर ओल्या मातीचा भार वेगळा. आतला टेका तासाभरात काढला की बाहेरचा रेटा सगळा भिंतीवर. हे सगळं ठाऊक असून त्या सकाळी मी बाराचा हिशेब करत होतो. पहार चालली असती तर मी तळापर्यंत गेलो असतो.

काकूंकडून स्टीलचा पेला मागितला. एका धारेखाली धरला, उजेडात नेऊन पाहिला. पाणी स्वच्छ. ते गढूळ असतं तर भिंतीतला गारा वाहून येतोय असं समजायचं, आणि सगळ्यांना वाड्याबाहेर काढायचं. चार ठिकाणी पेला धरला. तीन स्वच्छ, जिन्याखालच्या कोपऱ्यातला किंचित चहाच्या रंगाचा. तिथे खूण केली.

मुलाला फोन करून सांगितलं, तीन दिवस लागतील. तो म्हणाला, "अहो, सव्वा तासाचं काम म्हणाला होतात." म्हणालो होतो खरा. बाहेरची जमीन उतरेल तसं आत उतरवायचं, रोज वीस-एकवीस इंच, हे फोनवर समजावणं कठीण. त्याला वाटलं मी भाडं वाढवतोय. त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. सोसायट्यांनी तोवर दुसरा पंपवाला बोलावला होता.

निघताना काकूंनी पुरणाची दिंडं दिली, वर तुपाची धार. हात राडाने भरलेले, साबणाने दोनदा धुतले तरी वास जाईना. पप्याने पाच खाल्ली.

मंगळवारी पहिल्यांदा काडी पाहिली. रात्रीतून पाणी दोनच बोटं चढलं होतं. पेला सगळीकडे स्वच्छ, कोपऱ्यातलासुद्धा. आणखी वीस इंच काढलं. बुधवारी काडी जागच्या जागी कोरडी होती. बाहेरची जमीन उतरली होती. मग मात्र उरलेलं काढलं, कारागिराने स्वतः दाखवलेल्या जागी, त्याच्या पाटापासून लांब, खड्डा घेतला आणि तळाचं पाणी डब्याडब्याने भरून वर आणलं. भिंत जिथल्या तिथे होती.

गाळ सुकला की दगड होतो, म्हणून ओला असतानाच घमेल्यांनी उपसला. गोण्या भरून चौकात. दुपारी झारेकरी नवराबायको आले. बाई उकिडवी बसून परात अशी काही फिरवायची की राड कडेने निघून जायचा आणि मधे काळी रेघ उरायची. त्या रेघेत उन्हात दोन-तीन ठिपके चमकले. किती निघालं ते कारागिराने कोणालाच सांगितलं नाही. कागदाची पुडी करून आतल्या खिशात ठेवली.

पैशांचं म्हणाल तर मुलाने दोनच दिवसांचे पाठवले. तिसऱ्याचे काकूंनी दिले. म्हणाल्या, "सोमवारचा खाडा माझ्यामुळे झाला ना, मग त्याचे माझ्याकडून." खाडा नव्हता तो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पैसे दिलेच.

पंप गाडीवर चढवत होतो तर कारागीर आडवा आला. आधी पंप उघडा. पंखा काढायला लावला, आतला चिखल बोटाने पुसून परातीत घेतला. मग जाळी झटकली, बादली धुतली. मग माझ्या पायांकडे पाहिलं. म्हटलं, गमबूट मी घरी धुतो.

"नहीं दादा," तो हसून म्हणाला, "जूता भी."