दोन नोव्हेंबरच्या आधीचे दोन रविवार

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस उघडला, की वसईच्या ख्रिस्ती गावागावांत सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, एक सूचना हमखास कानावर यायची : "येत्या रविवारी सिमेट्रीची साफसफाई आहे. येताना कोयता, विळा, बालदी घेऊन या." २ नोव्हेंबर म्हणजे सर्व मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी दफनभूमीत मिस्सा होते, फादर ओळीओळीने फिरून कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि अंधार पडला की सगळं आवार मेणबत्त्यांनी उजळतं. त्याआधीचे दोन रविवार तरुण मंडळाचे. नाताळच्या कार्यक्रमाची आठवण जशी मनात राहते, तशीच या दोन सकाळींचीही राहिली आहे.

पहिला रविवार गवताचा. चार महिन्यांच्या पावसानं गवत कमरेएवढं झालेलं असायचं आणि त्यात घोणस असायची शक्यता धरूनच चालावं लागे. म्हणून आधी गमबूट घातलेले दोघे काठीनं गवत झोडपत पुढे जात, मागून बाकीचे. मुलांना गवत कापून होईपर्यंत फाटकाच्या आत घ्यायचं नाही, हा नियम कधी मोडला नाही. मोकळ्या जागेत कटर मशीन चाले, पण दगडापासून हातभर अंतरावर ते थांबलंच पाहिजे. मशीनची नायलॉनची दोरी दगडाच्या कडांचे टवके काढते आणि गिलावा उडवते. एकदा उडालेली कडा परत येत नाही. तेवढी हातभर पट्टी विळ्यानं, उकिडवं बसून कापायची. तणनाशक तर नकोच. मुळं मेली की माती सुटते आणि पुढच्या पावसात कबरीची कड खचते.

भिंतीतल्या पिंपळाचंही तसंच. बोटभर रोप ओल असताना अलगद उपटून येतं. मनगटाएवढं झालं, की ओढायचं नाही, कारण मूळ दोन दगडांच्या सांध्यात घट्ट बसलेलं असतं आणि रोपाबरोबर दगडही बाहेर येतो. ते बुंध्याशी कापायचं, आणि पालवी फुटेल तेव्हा दर महिन्याला पुन्हा कापायचं. पानच मिळालं नाही, की मूळ हळूहळू मरतं. याला वर्ष-दोन वर्षं लागतात, घाई चालत नाही.

दहाच्या सुमाराला चहा, तांदळाच्या भाकरी आणि वालाची उसळ येई. ती खाताना म्हातारी माणसं सावलीत बसून बोलू लागत. ही ओळ अमक्या आळीची, ती कबर त्या वर्षीच्या तापात गेलेल्या पोराची. कादोडी, वाडवळी या वसईच्या बोलींत चाललेलं ते बोलणं म्हणजे गावाची अर्धी वंशावळ. मंडळातल्या एकानं वही घेऊन तिथे बसायचं, हे ठरलेलं काम होतं.

दुसरा रविवार दगडांचा, आणि खरी शिकवणूक त्यातच. घरातली फरशी घासतो तशी कबर घासायची नाही, हे प्रत्येक नव्या मुलाला सांगावं लागे. तारेचा ब्रश बाहेरच ठेवायचा. ॲसिड तर हातातही घ्यायचं नाही. संगमरवर आणि चुना ही दोन्ही ॲसिडमध्ये विरघळतात. आज पांढराशुभ्र दिसणारा दगड दोन वर्षांत खरखरीत होतो आणि त्या खरखरीत शेवाळ दुप्पट धरतं. ब्लीचनं क्षार मागे राहतात. वापरायचं ते फक्त विहिरीचं गोडं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा किंवा मऊ केसांचा ब्रश. आधी दगड पूर्ण भिजवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली, तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळून डाग पाडतं. दगडफूल बांबूच्या चिपेनं खरवडायचं. निघालं नाही तर राहू द्यायचं. जो दगड थाप मारल्यावर पोकळ वाजतो किंवा ज्याचे पापुद्रे सुटलेत, त्याला पाणीसुद्धा लावायचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र भल्या मनानं केलेल्या सिमेंटनं झालेलं आहे. सांधा उघडा दिसला, की कुणीतरी गवंड्याकडून सिमेंट भरून घेतं. जुनी बांधणी चुन्याची. पावसात आत शिरलेला ओलावा चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतो. सिमेंटनं ती वाट बंद झाली, की तो दगडाच्या अंगातूनच निघतो, बरोबर क्षार आणतो, आणि दगडाला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागून त्याचा चेहरा झडू लागतो. म्हणून सांधे चुन्यानंच भरायचे : एक भाग चुना, तीन भाग चाळलेली नदीची वाळू. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही, तिच्यातलं मीठच पुढे लोणा होतं. आधी सांधा इंचभर खोल साफ करून भिजवायचा, चुना दाबून भरायचा आणि आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. ऑक्टोबरच्या उन्हात चुना एका दिवसात सुकला, की त्याला तडा गेलाच समजा.

कंपाउंडच्या भिंतीला चुन्याची सफेदी मुलांच्या आवडीची. पण चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, भिजवायचं काम मोठ्यांचंच. लोखंडी पिंपात, आधी पाणी आणि मग थोडी थोडी चुनकळी. ती खदखदा उकळते, प्लॅस्टिकची बालदी वितळू शकते आणि डोळ्यात शिंतोडा गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. चोवीस तास मुरू द्यायची, फडक्यातून गाळायची, किलोला साधारण पाच लिटर पाणी धरून पातळ करायची, त्यात तांदळाची पेज. भिंत ओली करून तीन पातळ हात, पहिला सुकल्यावर दुसरा. एकच जाड हात दिला, की नाताळपर्यंत पोपडे.

पण मनात सगळ्यात जास्त राहिलंय ते त्या रविवारच्या संध्याकाळचं वाचन. दिवसा जे अक्षर बोटालाही लागत नाही, ते अंधार पडल्यावर दिसतं. टॉर्च दगडावर समोरून धरायचा नाही. दगडाच्या कडेला टेकवून उजेड आडवा सोडायचा. मग खोदलेल्या प्रत्येक रेघेच्या एका काठाला सावली पडते. टॉर्च थोडा फिरवला की उभ्या रेघा, आणखी फिरवला की आडव्या, आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडातून आधी क्रूस, मग साल, मग नाव वर येतं. सगळी मुलं श्वास रोखून बघत, आणि नाव लागलं की कुणाच्या तरी आजीचा आवाज येई, "अगं, ही तर आपल्या विहिरीवरच्या घरातली!" अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळण्याची सवय मोडायला वेळ लागला. पिठावर बुरशी येते, खडूचे कण भोकांत बसतात. वहीत मजकूर दगडावर आहे तसाच उतरवायचा, ओळ तुटते तिथे तिरकी रेघ, चुकीचं अक्षर चुकीचंच, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. अंदाजानं लिहिलेलं एक नाव पुढे चार घरांत भांडण लावतं.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न अवशेषांत पोर्तुगीज थडगी आहेत. अशा दगडांवर कुणाची 'सेपुल्तुरा' (पोर्तुगीजमध्ये कबर) ते सांगून पुढे बहुतेकदा 'त्याच्या वारसांची' असं कोरलेलं असतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते वारस पांगले. मुलांना तिथे नेलं ते बघायला; किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ब्रश-बालदी गावातच ठेवून.

आमच्या सिमेट्रीतही जागा अपुरी. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. मग दगडही हलतो, कधी कडेला पालथा पडतो. म्हणून वहीत ओळ आणि क्रमांक दोन्ही लिहायचे. नव्या कबरीवर पक्कं बांधकाम वर्षभर करायचं नाही, कारण पहिल्या पावसाळ्यात माती खाली बसते. त्यासाठी सुरुवातीला वीतभर उंचवटा ठेवायचा.

२ तारखेला मेणबत्त्या थेट दगडावर लावू नयेत म्हणून मंडळ वाळू भरलेले पत्र्याचे डबे ठेवी. तरीही मेण सांडतंच. ते गरम पाण्यानं काढायचं नाही. वितळलेलं मेण दगडाच्या छिद्रांत उतरतं आणि डाग कायमचा होतो. पूर्ण थंड झाल्यावर लाकडी चिपेनं उचलायचं. लोक १ ते ८ नोव्हेंबर रोज प्रार्थनेला येतात, तेव्हा हे काम ८ नंतरच्या रविवारी. झेंडू-शेवंतीच्या हारांतली तार आणि प्लॅस्टिक वेगळं काढून फुलं खड्ड्यात.

त्या दिवशी फाटकाला कडी लावण्याआधी वहीचं शेवटचं पान भरलं जाई : उत्तरेच्या भिंतीतला पिंपळ, डिसेंबरमध्ये पुन्हा कापणे. सातव्या ओळीतला पालथा दगड, चार माणसं आणि पहार. चुनकळी, वीस किलो. काथ्याचे ब्रश, नवे सहा.