कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

२०१४ साली आमच्या कन्सेंटच्या, म्हणजे संमती घेण्याच्या, खोलीत कॅमेरा आला. साधाच हँडीकॅम, ट्रायपॉडवर बसवलेला. त्याआधी त्या खोलीत एक टेबल, तीन-चार खुर्च्या आणि दाराला आतून कडी एवढंच होतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त भरवसा त्या कडीचा वाटायचा. पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात एचआयव्ही आणि टीबीवरच्या संशोधनात मी समुपदेशक होते. अभ्यासात यायचं की नाही हे बाईला ठरवता यावं म्हणून तिला सगळं समजावून सांगायचं आणि मग सही घ्यायची, हे माझं काम.

कॅमेरा उगाच आला नव्हता. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याकडे मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प झाला. तिथे आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी फॉर्मवर सह्या केल्याचं पुढे चौकशीत निघालं. इंदूरमधल्या औषध चाचण्यांच्याही तक्रारी गाजत होत्या. स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये औषध नियंत्रकांचा आदेश निघाला, की नुसत्या सहीवर भागणार नाही, समजावून सांगण्याची सगळी प्रक्रिया चित्रित करा. बाईचा चेहरा, समजावणाऱ्याचा चेहरा, साक्षीदार असेल तर त्याचाही. मला स्वतःला तो आदेश पटला होता. सह्या कशा 'घेतल्या' जातात ते या क्षेत्रात आतून पाहिलेल्या कुणालाही पटला असता.

आमचा अभ्यास एचआयव्ही असलेल्या गर्भवती बायकांवर होता. भारत, थायलंड, हैती आणि आफ्रिकेतले पाच देश मिळून आठ देशांत तो चालू होता. एचआयव्ही असलेल्यांना टीबीचा धोका मोठा, म्हणून टीबी होण्याआधीच आयसोनियाझिडच्या गोळ्या द्यायच्या, ही पद्धत तेव्हा रूढ होत होती. पण गरोदरपणात त्या सुरू कराव्यात की बाळंतपणानंतर? चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे. एका गटाला २८ आठवडे गोळ्या आत्तापासून, दुसऱ्याला बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनी, आणि गोळी नसेल त्या काळात तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोण कुठल्या गटात ते ना बाईला कळणार ना डॉक्टरांना.

एक बाई दौंडकडून सकाळच्या शटलने आली होती. सहावा महिना. सासू बाहेर बाकड्यावर बसलेली, तिला सांगितलेलं, की अंगात रक्त कमी आहे म्हणून पुण्याला बोलावतात. घरात फक्त नवऱ्याला माहीत. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या उपचाराची, रात्रीची गोळी कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवते, असं तिने आपणहून सांगितलं, वर बाटली हलवून आवाज तसाच येतो की नाही तेही पाहिलंय म्हणाली. अशी बाई अभ्यासात आली तर एक गोळी चुकवणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

तिला वाचता येत नव्हतं. मग नियमाप्रमाणे संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार लागतो. बाकीच्या आजारांत नातेवाईक बसतो. इथे नातेवाइकालाच तर कळू द्यायचं नसतं. पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेतली एक ताई त्या दिवशी एआरटी केंद्रात होती, तिला बोलावलं. दोघींची आधी तोंडओळख करून दिली. ताई स्वतःबद्दल मोकळेपणी बोलणारी, त्यामुळे खोलीतला ताण सैल झाला.

कॅमेरा सुरू करण्याआधी एकदा तोंडी सगळं सांगायचं, अशी माझी पद्धत होती. तिने मान डोलावत ऐकलं नाही, प्रश्न विचारत ऐकलं.

"चिठ्ठी कोन काढनार?"

"कॉम्प्युटर."

"बरंय. त्याला भाऊबंद न्हाईत."

ताई हसली. मग त्या बाईने पोटावर हात ठेवून विचारलं, "ह्याला सोसंल का पर ते औषद?"

"सोसेल असं डॉक्टरांना वाटतं. पक्कं माहीत नाही, म्हणूनच अभ्यास चाललाय."

"म्हंजे तुम्हाला बी म्हाईत न्हाई."

"नाही."

यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, खोटं तरी बोलत नाही तुम्ही. यायला तयार होती. समज तपासायची माझी एक प्रश्नावली होती, ती तिने पदवीधरांपेक्षा बरी सोडवली. आता फक्त रेकॉर्डिंग राहिलं होतं. मी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"ह्यो चालू हाय का?"

"नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय चालू करत नाही."

"त्यात माझं तोंड येनार?"

"येणार. नाव येणार. आजाराचा उल्लेखही येणार."

"आन् मग ते ठेवता कुठं?"

मी तिला बाजूच्या खोलीत नेऊन लोखंडी कपाट दाखवलं. वरच्या कप्प्यात फायली, खाली हार्ड डिस्कचा डबा, दाराला कुलूप. पाहण्यासारखं काहीच नव्हतं, पण तिने वाकून कुलूप नीट पाहिलं, हातात धरून ओढूनही पाहिलं.

"किल्ली कोनाकडं असती?"

"एक माझ्याकडे, एक डेटा मॅनेजरकडे."

"त्यो नोकरी सोडून गेला तर?"

"नवीन येईल त्याच्याकडे."

"म्हंजे मी ज्याला पाह्यला न्हाई त्याच्याकडं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या चुलत दिराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय, म्याडम. बाया मोबाइल टाकून जात्यात आन् ही पोरं आतले फोटो बघत बसत्यात. कुलपाचं काय सांगता?"

माझ्याकडे उत्तरं होती. पासवर्ड, गोपनीयतेचे करार, रेकॉर्डिंग कोण पाहू शकतं याचे नियम. मी ती दिलीही. पण तिच्या दुकानाच्या गोष्टीपुढे ती फिकी वाटत होती. ताईने सांगून पाहिलं, की मीही कॅमेऱ्यासमोर बोलते, मला काही झालं नाही. "तुमचं येगळं," ती म्हणाली, "तुमच्या घरी ठाव हाय." यावर ताईही गप्प.

"अंगठा देते की," ती म्हणाली. "एक सोडून दोन देते. अंगठ्याला तोंड नसतं."

मी डॉक्टरांना फोन लावला. पाठमोरी बसवून घेऊ का, पदर ओढून चालेल का, नुसता आवाज घेतला तर? प्रत्येकाला नाही. रेकॉर्डिंगशिवाय घेतलेली संमती म्हणजे आदेशाचा भंग, उद्या तपासणीत तिची सगळी माहिती बाद आणि आपल्यावर ठपका. ते खेकसले नाहीत, उलट त्यांचाच आवाज पडला होता. त्या महिन्यात आमच्याकडे नव्या बायका कमीच आल्या होत्या, आणि बाईची सगळी तयारी असताना ती हातातून जात होती.

मी परत आले आणि तिला म्हटलं, राहू दे मग. तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "आता माझी रातची गोळी बंद करनार का?"

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत वाक्य असतं, की नकार दिल्यास तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. ते मी तासाभरापूर्वीच तिला वाचून दाखवलं होतं. तेच पुन्हा वाचण्यात अर्थ नव्हता. मी उठले, तिच्याबरोबर एआरटी केंद्रात गेले, औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. फार्मासिस्टने तिच्या कार्डावर तारीख टाकून महिन्याच्या गोळ्यांची डबी सरकवली, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. डबी पिशवीत तळाशी गेली, वर केळी, आणि ती सासूकडे.

आमच्या नोंदवहीत अभ्यासात न आलेल्या बायकांची कारणं लिहायची असतात. वेळ नाही, लांब राहते, नवऱ्याचा नकार, असे रकाने होते. कॅमेऱ्याचा रकाना नव्हता. मी 'इतर'पुढे खूण केली आणि शेरा जरा लांबलचकच लिहिला, दोन ओळींच्या जागेत पाच ओळी कोंबून.

जुलै २०१५ च्या अखेरीस नियम बदलला. चित्रीकरण आता सरसकट नको, नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या लोकांपुरतं. आणि एचआयव्ही व कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचण्यांत तर फक्त आवाज. २०१९ च्या नियमांतही ते तसंच राहिलं. मधली दीड-पावणेदोन वर्षं मात्र या बायकांसमोर कॅमेरा होता. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खम्ममच्या मुली होत्या, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एआरटीच्या रांगेतल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. आठ देशांत मिळून ९५६ बायका. आपोआप होणारा गर्भपात, मृत जन्म, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मजात व्यंग यांपैकी काही ना काही घडण्याचं प्रमाण गरोदरपणातच गोळ्या सुरू केलेल्या गटात २३.६ टक्के निघालं, नंतर सुरू केलेल्यांत १७ टक्के. म्हणजे "ह्याला सोसंल का" हाच प्रश्न होता, आणि उत्तर डॉक्टरांना वाटलं होतं तसं आलं नाही. ज्या बायका अभ्यासात आल्या त्यांच्यामुळे ते कळलं, हेही खरंच.

टीबीला ती आवाजाची सवलत नाही. लेकीचं लग्न ठरायचंय म्हणून टीबीची औषधं परसात लपवणारी घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे नव्या औषधाच्या चाचणीत कॅमेरा लागतो तिथे मी आता क्रम बदललाय. माहितीपत्रक उघडायच्याही आधी कॅमेरा आणि कपाट दाखवते, किल्ल्या कोणाकडे ते सांगते. ज्यांना नको त्या पहिल्या पाच मिनिटांतच नको म्हणतात. तासभर समोर बसून ऐकून घेतल्यावर बायकांना नाही म्हणायचा संकोच वाटतो.