पोटातला गोळा आणि चित्रांची पुस्तके

रविवारची संध्याकाळ झाली की माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे पोट दुखू लागत असे. तिचे बाबा सोमवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला नोकरीवर जातात आणि शुक्रवारी रात्री सोलापूरला परततात. डॉक्टरांनी तपासून पोटात काहीही बिघाड नसल्याचे सांगितले, तेव्हा कुठे या दुखण्याचा गाडीच्या वेळापत्रकाशी असलेला संबंध आमच्या ध्यानात आला.

एवढ्या लहान वयात मनातली काळजी शब्दांत सांगता येत नाही. ती पोटदुखीतून, मोडलेल्या झोपेतून किंवा आईला घट्ट बिलगण्यातून बाहेर पडते. ‘पोटात गोळा आला’ असे आपण सहज बोलून जातो, परंतु मुलांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ असे मी तिला कितीदा तरी सांगितले, आणि त्यातून तिला एवढेच कळले असावे की या गोळ्याविषयी आईशी बोलायचे नसते.

चित्रांची पुस्तके घरात होतीच. मी मात्र ती ससे किती, रंग कोणता, हे विचारण्यासाठी उघडत होते. एके दिवशी, आई बाजारात गेल्यावर उंबरठ्यावर बसून राहिलेल्या सशाच्या पिल्लाच्या चित्रावर ती बराच वेळ थांबली. तिने त्याच्या पोटावर बोट ठेवले. मी लगेच विचारले, “तुलाही असंच होतं ना?” तिने पुस्तक मिटले. माझी ती चूक मला आजही सलते, कारण सशाच्या आडून ती जे सांगू पाहत होती, ते मी ओढून तिच्या अंगावर आणले होते. त्यानंतर मी केवळ सशाविषयीच विचारू लागले: तो कुठे बघतो आहे, त्याच्या जवळ कोण बसले तर त्याला बरे वाटेल? उत्तर आले नाही, तरी पान उलटण्याची घाई करत नाही.

वाचनाची वेळही बदलली. रडू फुटल्यावर पुस्तक पुढे करून उपयोग होत नाही. शनिवारी दुपारी, उन्हामुळे खिडक्या लावून घेतलेल्या असताना, आम्ही निवांत वाचतो. तेच पुस्तक ती पुन्हा पुन्हा मागते आणि मी ते वाचते, कारण पुढच्या पानावर सशाची आई परत येणार हे तिला आधीच ठाऊक असते व तेच तिला हवे असते. नवी पुस्तके हवी असणाऱ्या पालकांना ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतील. पण झोप, जेवण किंवा शाळा अनेक आठवडे बिघडलेली असेल, तर पुस्तकांवर विसंबून न राहता बालमानसतज्ज्ञांना अवश्य भेटावे.

मागच्या महिन्यात आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठींचे एक पुस्तक शिवले. सोलापूर स्टेशन, कुर्डुवाडी, दौंड, पुणे, आणि शेवटच्या पानावर रात्री दार वाजवणारे बाबा, अशी चित्रे मी काढली. तिने गाडीच्या खिडकीत बाबांशेजारी काळ्या खडूने एक गोल काढला.

“हा कोण?” मी विचारले.

“गोळा. तो पण बाबांबरोबर जातो. शुक्रवारी परत येतो.”

त्या रविवारी ती जेवली, आणि झोपण्यापूर्वी तो गोळा खिडकीजवळच बसला आहे ना, हे तिने एकदा पुस्तक उघडून पाहून घेतले.