हंडा भरलेला असेल तर सव्वीस पावलं

बेळगावच्या कॅम्पातली आमची जुनी फौजी क्वार्टरांची लाइन पाडायला काढलीय, ही बातमी दादा फौजी कॅन्टीनच्या रांगेतून घेऊन आला. बाबा आता नाहीत. आई कडोलीत दादाकडे असते. तिला सांगितलं तर म्हणाली, "नळ तरी ठेवतील की नाही?" बाकी काही नाही.

लाइन वाचवणं आपल्या हातात नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. निदान फोटो तरी काढू म्हणून गेले, तर गेटवरच्या जवानाने मोबाइल पर्समध्ये ठेवायला लावला. त्याचं बरोबरच होतं. फौजीच्या मुलीला हे सांगावं लागू नये. मग परवानगीचा अर्ज. एका कार्यालयात तो दोनदा हरवला. तिसऱ्यांदा मात्र माझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हललेच नाही. शेवटी फोटोला नकार आला, पण आईला अर्धा तास आत नेऊन आणायला हरकत नाही, असं सांगितलं गेलं.

तोवर मी माहिती अधिकारही करून पाहिला. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर, 30 दिवसांची वाट. नकाशे सुरक्षेच्या कारणाने मिळणार नाहीत, हे उत्तर अपेक्षितच होतं. जमिनीच्या रजिस्टरचा उतारा मिळाला: सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि 'ए-1', म्हणजे प्रत्यक्ष सैन्याच्या वापरातली जमीन. संपलं. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास 1768 पासूनचा, बेळगावचं कॅन्टोन्मेंट 1832 चं, रेजिमेंटचं केंद्र इथे आलं 1922 मध्ये. हे सगळं कुणीही घडाघडा सांगेल. आमच्या लाइनीत कोण राहिलं, हे कुठेच नाही. मी प्रश्नच चुकीच्या दारात विचारत होते. फौज नोंद ठेवते ती जवानाची. त्याचं लग्न, मुलांचे जन्म 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये चढतात. बाबांच्या कागदांत मी आहे ती एक ओळ आणि एक तारीख.

खरा कागद निघाला तो आईच्या काळ्या ट्रंकेत. त्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने बाबांचा नंबर, नाव, पलटण. 'पलटण' मधला 'ल' पुसलाय. आत, लग्नातल्या शालूखाली, क्वार्टर सोडतानाच्या सामानाची यादी. चारपाई दोन, टेबल एक, कुर्सी दोन, मच्छरदाणीचे दांडे आठ. दांड्यांपुढे लाल पेनाने 'सात' केलेलं. आठव्याचे पैसे बाबांच्या पगारातून कापले होते, आणि तो दांडा मीच मोडला होता, असं दादा आजही म्हणतो. (त्यानेच मोडला होता.)

बाबा जम्मूकडे होते ती वर्षं आम्ही या लाइनीत होतो. नवरा फील्डवर असला की बायकामुलांना जी क्वार्टरं मिळतात, तसली ती. बारा दारं आणि संध्याकाळी एकही पुरुष नाही. बायका कुणी साताऱ्याची, कुणी चंदगडची, सावंतवाडीची, निपाणीची. तांदळाची भाकरी पहिल्यांदा खाल्ली ती सावंतवाडीच्या काकूंकडे. पोस्टमन आला की बाराही दारं उघडायची. '56 एपीओ' (फौजी टपालाचा पत्ता) लिहिलेलं पाकीट कुणाचं, ते आधी बघायचं. ज्यांचं नसेल, त्या आत जाऊन भांडी घासायला घ्यायच्या. जोरात.

या बायका शोधायला मला कॅन्टीनची रांगच उपयोगी पडली. कुणाचे मालक कुठल्या पलटणीत होते आणि आता गाव कुठलं, हे तिथले पेन्शनर तोंडपाठ सांगतात. आमचं धरून बारांतल्या सात घरांपर्यंत पोचले. फोटो कुणी हातात देत नाही, आणि मागूही नये. मी लॅपटॉप आणि लहान स्कॅनर घेऊनच जायचे, 600 डीपीआयवर त्यांच्यासमोर स्कॅन करून फोटो लगेच परत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. उचगावात पहिल्याच फोटोचा कोपरा माझ्या हातून फाटला, त्या मावशी काही बोलल्या नाहीत आणि ते जास्त लागलं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दात साफ करायचा धागा खालून सरकवला की सुटतात. नावं मागच्या बाजूला पेन्सिलनेच, तीही कडेला. बोलणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारायचं, आणि "हे नको घालू" म्हटलेलं खरंच काढायचं. तसली टेप अर्धीअधिक आहे.

आईला आत नेलं तेव्हा ऊन चढलं होतं. दारं काढून नेलेली. नळ नव्हता, त्याची जागाही कळेना. ती आमच्या उंबऱ्यावर उभी राहिली, पदर खोचला आणि चालू लागली. "भरलेला हंडा असला की सव्वीस, रिकामा असला की वीस." सव्वीस पावलांवर थांबली. तिथे गवत होतं. सोबतचा हवालदार पोरगेला होता. त्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं.

घरी येऊन तिने सांगितलं तसा मी नकाशा काढला. बारा दारं, प्रत्येकावर नाव, वाळवणाची जागा, मुलांना मारायची जागा (ही वेगळी होती), आणि नळ. तो बाकीच्या सहाजणींना दाखवला. साताऱ्याच्या मावशींनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "नळ इथं कुठं? तो पलीकडं, जांभळीखाली."

आईला फोन लावून दिला. वीस मिनिटं दोघी भांडल्या. मधेच मच्छरदाणीचा दांडा निघाला, कुणाच्या तरी बाळंतपणात आणलेला डिंक निघाला, नळ राहूनच गेला. आता नकाशावर नळ दोन आहेत, एक आईचा, एक मावशींचा. मूळ प्रत ट्रंकेत आहे, त्या यादीच्या वर.