मॅजिकच्या स्थानिक स्पर्धेत उतरताना: माझा अनुभव

स्पर्धेच्या आदल्या रात्री मी सगळी पानं टेबलावर मांडते आणि मोजते. मॅजिक: द गॅदरिंग हा पानांचा, म्हणजे कार्डांचा, खेळ. त्याच्या नेहमीच्या कन्स्ट्रक्टेड (घरून बांधलेली गड्डी आणून खेळायच्या) स्पर्धेत मुख्य डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, किमान 60 पानं, साइडबोर्डमध्ये, म्हणजे गेमच्या मधे बदलायच्या राखीव पानांत, जास्तीत जास्त 15. बेसिक लँड (लँड म्हणजे इतर पानं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी पानं) सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त पानं चालत नाहीत, आणि हे चार डेक आणि साइडबोर्ड मिळून. डेकमध्ये 3 आणि साइडबोर्डमध्ये 2 ठेवली की पाच झाली. नवख्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. डेकलिस्ट मी मांडलेल्या पानांकडे बघून लिहिते. आठवणीतून लिहिली की शेवटच्या क्षणी बदललेली दोन पानं यादीत हमखास जुनीच राहतात. आठवड्याच्या साध्या स्पर्धेत यादी बहुधा मागत नाहीत. कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे जास्त कडक नियमांच्या, दर्जाच्या स्पर्धेत मागतात, आणि तिथे यादीतल्या चुकीपायी साधारणपणे एक गेम हातचा जातो.

मग स्लीव्ह, म्हणजे प्रत्येक पानावरचं प्लास्टिकचं आवरण. पान 63 बाय 88 मिलिमीटरचं असतं, त्याला 66 बाय 91 ची स्लीव्ह नीट बसते. मागची बाजू अपारदर्शक हवी, दुतोंडी (दोन्ही बाजूंना छापलेली) पानं असतील तर नक्कीच. खरी अडचण जुन्या-नव्याच्या सरमिसळीची. डेकमध्ये नवीन पानं घातली की लोक तेवढ्यांनाच नवीन स्लीव्ह चढवतात. मग लँड मळक्या स्लीव्हमध्ये आणि महत्त्वाची पानं कोऱ्या स्लीव्हमध्ये, असा नमुना तयार होतो. हेतू शुद्ध असला तरी जजच्या (पंचाच्या) दृष्टीनं ती खूण केलेली पानं. म्हणून मी पूर्ण 75 पानांच्या स्लीव्ह एकदम बदलते, त्याही पानं आधी पिसून, म्हणजे एकाच प्रकारची पानं पाकिटातल्या सलग स्लीव्हमध्ये जात नाहीत. त्याच पाकिटातल्या आठ-दहा स्लीव्ह जादा ठेवते, कारण दिवसभरात एखादी फाटतेच. फॉइल (चकाकता थर असलेली) पानं बाक धरतात. गड्डी टेबलावर ठेवून बाजूनं पाहिली आणि फट दिसली, तर ते पान बदलायचं.

सुरुवातीची सात पानं ठेवायची की टाकायची, याचा विचार घरीच झालेला बरा. 60 मध्ये 24 लँड असतील तर सात पानांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता 14 टक्क्यांच्या आसपास असते, सहा किंवा सात लँड येण्याची जेमतेम 1.3 टक्के. म्हणजे साधारण सहा-सात हातांमागे एक हात असाच वाया जातो. त्यात वैतागण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न दोन लँडच्या हाताचा. पहिली खेळी आपली असेल तर पहिल्या टर्नला पान उचलता येत नाही, त्यामुळे तिसऱ्या टर्नपर्यंत दोनच पानं मिळतात आणि तिसरी लँड सापडण्याची शक्यता 66 टक्के राहते. दुसरे खेळत असू तर तीन पानं मिळतात आणि शक्यता 81 टक्क्यांवर जाते. तोच हात मी दुसरी असताना ठेवते आणि पहिली असताना पुष्कळदा टाकते. 2019 पासूनच्या मलिगनच्या (पहिला हात टाकून नवा घेण्याच्या) नियमानुसार दरवेळी पुन्हा सात पानं घ्यायची आणि जितक्यांदा मलिगन केलं तितकी पानं तळाशी ठेवायची. त्यामुळे सहा पानांवर येणं पूर्वीइतकं जड जात नाही.

नाव नोंदवण्यासाठी हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्‌सचं कंपॅनियन अ‍ॅप बहुतेक ठिकाणी वापरतात: आयोजकानं दिलेला कोड टाकायचा, मग प्रतिस्पर्धी आणि टेबल क्रमांक त्यातच दिसतो. फोन चार्ज करून नेलेला बरा. सामने स्विस पद्धतीनं होतात, म्हणजे हरलं तरी बाहेर जात नाही, पुढच्या राउंडला साधारण आपल्याइतकेच गुण असलेला समोर येतो. आठ जणांना तीन राउंड, 9 ते 16 जणांना चार, 17 ते 32 जणांना पाच हा नेहमीचा हिशेब. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. गुण सारखे झाले तर आधी आपल्या प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी बघतात. म्हणून पहिल्याच राउंडला हरणं शेवटी महागात पडतं: त्यानंतर समोर येणारेही हरलेलेच असतात.

टेबलावर बसल्यावर गड्डी नीट पिसायची. पानांचे ढीग पाडत मोजणं म्हणजे पिसणं नव्हे. ते फक्त मोजण्यासाठी, गेमच्या सुरुवातीला एकदाच करता येतं. 52 पानांची गड्डी सात रिफलनंतर (गड्डीचे दोन भाग एकमेकांत फडफडवत मिसळणं म्हणजे रिफल) पुरेशी मिसळते, असं बेयर आणि डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवलं होतं. मी स्लीव्हमधली 60 पानं एकमेकांत सरकवत किमान आठ वेळा पिसते आणि समोरच्याला देते. त्याची गड्डीही घेऊन पिसायची. त्यात संकोच नको, कॉम्पिटिटिव्ह स्पर्धेत तो नियमच आहे.

पान उचलताना एक सवय फार उपयोगी पडते. एकापेक्षा जास्त पानं घ्यायची असतील तर ती आधी टेबलावर उलटी, सुटी मांडायची, मोजायची, मगच हातात घ्यायची. जादा पान हातातल्या पानांना लागण्याआधी लक्षात आलं तर चूक सहज सुधारते. हातात मिसळलं की कॉम्पिटिटिव्ह स्पर्धेत समोरचा आपला हात उघडा बघतो आणि त्यातलं एक पान निवडून परत गड्डीत पाठवतो. तो अर्थात सगळ्यात चांगलंच निवडणार.

लाइफ, म्हणजे खेळाडूचे जीवनगुण, 20 पासून सुरू होते. ती मी कागदावर लिहिते, आपली आणि समोरच्याची दोन्ही, आणि प्रत्येक बदल खाली नव्या ओळीत. फासा हाताच्या धक्क्यानं फिरतो, आणि मग 13 की 16 हा वाद मिटवायला काहीच उरत नाही. कागदावर आकड्यांची उतरंड असली की जजला मागचा हिशेब लावता येतो. काही चुकलं की खेळ तिथेच थांबवून हात वर करून जजला बोलवायचं. दोघांनी मिळून परस्पर खेळ मागे नेला की गुंता वाढतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं. आपल्या पानांचे ट्रिगर (ठराविक घटना घडली की आपोआप लागू होणारे परिणाम) आठवण्याची जबाबदारी आपली; समोरच्यानं आठवण करून द्यावी ही अपेक्षा ठेवू नये. दरवेळी चुकणारा ट्रिगर असेल तर गड्डीवर एक फासा ठेवते. पान उचलायला हात गेला की तो फासा आड येतो आणि आठवण होते.

पहिला गेम संपला की साइडबोर्ड. सामना तीन गेमचा असल्यानं साइडबोर्ड न वापरता खेळला जातो तो फक्त पहिला गेम, तरी लोक सराव त्याचाच करतात. ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. मी नेहमी भेटणाऱ्या प्रत्येक डेकसाठी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ठेवते: कुठली पानं आत, कुठली बाहेर. अशी छोटी टिपणं दोन गेमच्या मधे बघता येतात, गेम चालू असताना नाही. काय आणायचं हे सोपं, काय काढायचं हे अवघड. सहा पानं आणायची ठरली आणि काढण्यासारखी चारच सापडली, तर चारच आणावी. समोरच्याच्या डेकविरुद्ध निरुपयोगी पानं आधी जातात. मात्र आपल्या डेकचा कणा असलेली पानं काढून नुसती उत्तरं भरली की गेम लांबतो आणि जिंकायला काही उरत नाही. पुढच्या राउंडआधी डेक मूळ स्थितीत आणायलाच हवा. त्यासाठी साइडबोर्डची मूळ 15 नावं डबीच्या झाकणात चिकटवली आहेत. सामना संपताच जुळवून घेते.

राउंड 50 मिनिटांचा. वेळ संपल्याची हाक आली की चालू टर्न पूर्ण होतो आणि त्यानंतर पाच टर्न मिळतात. तोवर गेम संपला नाही तर तो बरोबरीत. त्याआधी 1-0 ने पुढे असणारा सामना जिंकतो. त्यामुळे पहिल्या गेमला अर्धा तास गेला असेल आणि तो हरलेला असेल, तर दुसऱ्या गेममध्ये वेगानं खेळायला हवं. जिंकण्याची वाट उरलीच नसेल तर गेम लवकर सोडून देणंही शहाणपणाचं. उशिरा येण्याची शिक्षा कडक आहे: कॉम्पिटिटिव्ह स्पर्धेत राउंड सुरू होताना जागेवर नसलं तर एक गेम जातो, दहा मिनिटांपर्यंत आलं नाही तर सामना.

शेवटच्या राउंडला गुण पुरेसे असतील तर दोघांनी संमतीनं बरोबरी घेणं नियमात बसतं. पण निकालाच्या बदल्यात बक्षिसाचा वाटा देऊ करणं किंवा फासा टाकून निकाल ठरवणं, दोन्ही नियमाविरुद्ध आहे. गमतीनंही तसं बोलू नये. मधेच निघायचं असेल तर पुढची जोडी लागण्याआधी आयोजकाला सांगावं, नाहीतर कुणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं.

दर सामन्यानंतर उठण्याआधी मी 75 पानं पुन्हा मोजते. समोरच्यानं ताब्यात घेतलेलं किंवा त्याच्या पानाखाली एक्झाइल झालेलं (खेळाबाहेर काढलेलं) आपलं पान त्याच्याच ढिगात राहतं, आणि दोघांच्या स्लीव्ह एकाच रंगाच्या असल्या तर ते घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.