समुद्राचा आकडा काढायला मनाई

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात इतकी वर्षं राहूनही एक गोष्ट मला अलीकडेच कळली. समुद्राची पातळी किती वाढेल याचा दर ठरवायला या राज्याने आपल्याच सरकारी खात्यांना चार वर्षं मनाई केली होती, तीही रीतसर कायदा करून. विश्वास बसेना म्हणून २०१२ चं हाउस बिल ८१९ शोधून वाचलं. खरं आहे.

राज्याच्या किनारा आयोगाची स्वतःची वैज्ञानिक समिती आहे. २०१० मध्ये तिने सांगितलं की २१०० पर्यंत पाणी ३९ इंच, म्हणजे मीटरभर चढेल असं धरून नियोजन करा. किनाऱ्याच्या वीस काउंट्यांतले (म्हणजे जिल्ह्यांतले) पुढारी आणि जमीनमालक खवळले, कारण मीटर धरला की पूररेषा आत सरकते, बांधकामाला अडथळे येतात, जमिनीचे भाव पडतात. मग राज्याच्या सेनेटच्या मसुद्यात आलं की दर काढायचाच असेल तर १९०० नंतरच्या नोंदींवरून सरळ रेषा ओढून काढा. वाढीचा वेग पुढे वाढेल असं धरायचं नाही. त्या रेषेने शतकाअखेर येतात जेमतेम आठ इंच. देशभर छी-थू झाल्यावर भाषा सौम्य केली गेली, तरी १ जुलै २०१६ पर्यंत नियमांसाठी असा दर ठरवायचा नाही हे कलम राहिलंच. गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू डेमोक्रॅट होत्या. त्यांनी सही केली नाही आणि नकाराधिकारही वापरला नाही, त्यामुळे कायदा आपोआप लागू झाला.

समितीचा पुढचा अहवाल २०१५ ला आला, पण त्यात फक्त पुढच्या तीस वर्षांचा विचार करायला सांगितलं होतं. इथलं गृहकर्जही साधारण तीस वर्षांचंच असतं. माझ्या डोक्यातून ही जुळणी जात नाही. कर्ज फिटेपर्यंतचा समुद्र मोजा, त्यानंतरचा ज्याचा तो बघेल!

संताप येतो तो याच किनाऱ्यावर १९९९ साली काय झालं ते माहीत असल्यामुळे. केप हॅटरसचं दीपगृह १८७० मध्ये बांधलं तेव्हा समुद्रापासून दीड हजार फुटांवर होतं. लाटा पायाजवळ आल्या तेव्हा स्थानिकांचा विरोध असूनही राष्ट्रीय उद्यान सेवेने शास्त्रज्ञांचं ऐकलं आणि जवळजवळ ४,८०० टनांचा तो विटांचा मनोरा अख्खाच्या अख्खा उचलून, रुळांवरून २,९०० फूट मागे नेला. तडा न जाता! ते पाहून मी खरोखर नतमस्तक झाले होते. जवळच्याच रोडँथी गावात १० मे २०२२ ला एका दिवसात दोन घरं समुद्रात कोसळली. ही वाळूची बेटं मुळातच सरकणारी आहेत, सगळा दोष तापमानवाढीचा नाही, हे मान्य. पण सरकत्या वाळूवर पाणीही चढतंय, तर मोजमाप जास्त काटेकोर नको का?

आमचे शेजारी निवृत्त अभियंते आहेत. २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळानंतर चर्चच्या गटाबरोबर विल्मिंग्टनला जाऊन अनोळखी लोकांच्या घरांतल्या भिजलेल्या भिंती उपसणारा हा माणूस. अडाणी नाही, निर्दय तर नाहीच. पण हवामानबदलाचा विषय काढला की म्हणतात, हवामान नेहमीच बदलत आलंय, शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही. हळूहळू लक्षात आलं की हे मत त्यांनी नोंदी तपासून बनवलेलं नाही; ते रिपब्लिकन पक्षाबरोबर आलंय. शेजारच्या साउथ कॅरोलायनात बॉब इंग्लिस हे रिपब्लिकन खासदार हवामानबदल खरा आहे म्हणू लागले, आणि २०१० मध्ये उमेदवार ठरवणाऱ्या स्वपक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत दणकून हरले. त्यामागे इतरही कारणं होती, पण बाकीच्या नेत्यांनी घ्यायचा तो धडा घेतला.

शेजाऱ्यांचं आवडतं उदाहरण आपल्याकडचं आहे: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २००७ च्या अहवालातलं विधान. ते चुकीचं होतं, हे मीही ठणकावून सांगते. पण त्यावर जाहीर हरकत घेणाऱ्यांत आपले भूवैज्ञानिक व्ही. के. रैना होते, पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली. हिमनद्या आक्रसतायत हे त्याने खोटं ठरलं नाही. फक्त तारीख खोडली गेली. याला मी शंका घेणं म्हणते. आपल्या माणसांनी आकडा तपासा म्हटलं, इथल्यांनी आकडा काढूच नका म्हटलं.

‘आधी भारताला सांगा’ हेही ऐकावं लागतं. तेव्हा मी गप्प बसत नाही. अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड, भारतीयामागे दोन टनांच्या आसपास. आजवर हवेत गेलेल्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. मी आता इथे राहते, इथलीच गाडी चालवते, म्हणून हा हिशोब बदलत नाही. बस नसलेल्या उपनगरात गाडीशिवाय कोणी राहून दाखवावं.

आता कोणीतरी पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ अहवाल काढणारच. तोही २०११ मध्ये सादर झाला, सरकारने दाबून ठेवला आणि माहिती अधिकारातून कोर्टात जाऊन बाहेर काढावा लागला. मान्य. पण निदान बाहेर काढायला कायदा होता, आणि पश्चिम घाट मोजायला कुणी बंदी घातली नव्हती. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात विरोध करणाऱ्यांत खाणवाल्यांबरोबर साधे बागायतदारही होते, आणि त्यांच्यापर्यंत तो अहवाल मराठीत नीट पोचवलाच गेला नव्हता. इथल्या जमीनमालकांना अहवाल त्यांच्याच भाषेत मिळाला होता. त्यांनी तो वाचला, नीट समजून घेतला, आणि मगच आमदारांना फोन लावले.