कुर्मांजी की सोरानी?

आमच्या खालच्या मजल्यावर एक कुर्दी आजोबा राहतात, स्टॉकहोमला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली. परवा त्यांच्याकडे चहाला बसले होते, सहज विचारलं की इथे आल्याआल्या काय वाटलं होतं. मला वाटलं थंडी म्हणतील, डिसेंबर 1984 ला आलेत, दुपारी तीनलाच काळोख. पण थंडीचं त्यांनी नावच काढलं नाही.

ते एका ऑफिसबद्दल बोलले. टेबलापलीकडे एक बाई, शेजारी तुर्की दुभाषी, समोर फॉर्म. मातृभाषा कोणती? आजोबा गप्प, म्हणजे तेव्हा सव्वीस वर्षांचा पोरगा. का गप्प ते समजून घ्या. तुर्कस्तानात 1980 ला लष्कराने सत्ता घेतली आणि 1983 ला 2932 नंबरचा कायदा आणला, त्यात कुर्दी हा शब्दसुद्धा नव्हता पण बंदी कुर्दी भाषेवरच होती. त्यांचा भाऊ दियारबकीरच्या तुरुंगात, आई भेटीला जायची, तिला तुर्की येत नाही आणि कुर्दी बोलायला मनाई, मग भेटीचा सगळा वेळ ती नुसती मुलाकडे बघत उभी राहायची. हे सांगताना आजोबांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

शेवटी ते हळूच म्हणाले, कुर्दी. बाईने मान वर न करता विचारलं, "कुर्मांजी की सोरानी?"

बस, एवढंच. ते म्हणतात मी तिच्या पेनाकडे बघत राहिलो आणि मला रडूच फुटलं, दुभाष्याला कळेना काय झालं. ज्या भाषेचं नाव घ्यायची चोरी, तिच्या दोन बोली या परक्या बाईला माहीत! पुढच्या वेळी कुर्मांजी बोलणारा दुभाषी आला, दारातच म्हणाला, "तू बि खेर हाती", ये, स्वागत आहे.

त्या 'खेर'मधला ख कुर्दीत एक्सने लिहितात, आणि एक्स, क्यू, डब्ल्यू ही अक्षरं तुर्की लिपीत नाहीतच, त्यामुळे तिकडे कागदोपत्री अशी नावं लावताच येत नव्हती, ती अक्षरं वापरायची मोकळीक देण्याची घोषणा 2013 ला झाली. आजोबांची मुलगी 1987 ला इथेच जन्मली. नाव एक्सवरून. शाळेत ती कुर्दी शिकली, कारण इथे 1977 पासून मुलांना घरची भाषा शिकवायची सोय करणं नगरपालिकांवर बंधनकारक होतं.

हॉस्पिटलमधल्या नर्सने फक्त स्पेलिंग विचारलं होतं, आजोबांनी ते तिला दोनदा सांगितलं.